दोन माणसं घेऊन यायची

केतनला आई दिसली तेव्हा त्याची चिठ्ठी डब्यात पडून गेली होती.

सीवूड्सच्या त्या कॅफेत नियम दोनच. नवख्यानं आपली दोन माणसं प्रेक्षक म्हणून घेऊन यायची, मगच पाच मिनिटं माइक; केतननं दोन मित्र आणले होते. आणि नावाची चिठ्ठी टाकली की मागे घ्यायची नाही. पळालेल्याला पुन्हा कुणी बोलवत नाही. गाऊन म्हणा, हसवून म्हणा, आज जो सगळ्यात जास्त टाळ्या घेईल त्याला वाशीच्या मोठ्या हॉलमध्ये अर्धा तास.

त्या अर्ध्या तासासाठी केतननं रबाळ्याची नोकरी सोडली होती. घरी माहीत नव्हतं. घरच्यांसाठी तो आत्ता सेकंड शिफ्टला होता.

आणि आई, पुतळाबाई, तिसऱ्या रांगेत. लग्नाला नेसायची ती हिरवी साडी. एका बाजूला गोजरामावशी, दुसऱ्या बाजूला शेजारची शालनकाकी. शनिवारी ह्या तिघी करावे गावात भजनाला असतात. कुणीतरी चुगली केली असणार.

दार त्यांच्या पलीकडे. अलीकडे भिंत.

त्यात त्याची पाचही मिनिटं आईवरची. आई मॉलच्या सरकत्या जिन्याला पाया पडून चढते. आई फोनवर बोलते ते फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. महिनाभर घोटलेली.

मला शेवटी घे, म्हणून तो सूत्रसंचालन करणाऱ्या शिवतेजला विनवायला गेला.

"डबा ठरवतो, भाई," शिवतेज म्हणाला. "टेन्शन कसलं? घरचे आलेत काय?"

केतन हसला. कसाबसा.

रंजिता नावाची मुलगी गिटार घेऊन गायली. त्याला एक सूर ऐकू आला नाही. आईनं त्याला पाहिलं होतं. एकदाच. मग पदर पुढे ओढून मान खाली घातली. ओठ हलत होते. शिव्या घालत असेल, नाहीतर देवाला साकडं. मध्येच पाण्याची बाटली तोंडाला लावायची, पुन्हा ओठ.

"केतन!"

उजेड. माइक.

सरकता जिना जिभेवर आला. त्यानं गिळला.

रिक्षावाल्यांवर बोलला.



सोसायटीच्या वॉचमनवर.

कुणीतरी कप बशीत ठेवला. तेवढा ऐकू आला.

मागून शिवतेजनं मोबाइलचा दिवा हलवला: मिनिट उरलं. आईवरचा एक, फक्त एक, आणि सगळा कॅफे हशानं उसळला असता. समोर ती हिरवी साडी.

"थँक्यू," केतन म्हणाला.

वाशी गेली. आईचं चारचौघांत हसं केलं नाही, एवढं तरी राहिलं, असं मनाला समजावत तो भिंतीला टेकून बसला. आई वर बघेना. ओठ चालूच.

शिवतेजनं डब्यात हात घातला, चिठ्ठी उलगडली, पुन्हा वाचली.

गोजरामावशीनं आईची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. शालनकाकीनं तिच्या पाठीवर थाप मारली.

पुतळाबाईंनी पदर खोचला, माइक दोन्ही हातांनी धरला आणि भिंतीकडे बोट केलं.

"यो माजा पोर. सेकंड शिफ्टला हाय. आन मी भजनाला."