ताकातला हिंग

"स्वयंपाकघरातलं पाकीट अन् पाकीट घेऊन या," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, म्हणून मी पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली. माझ्या घरात काही सापडणार नाही, याची मला खात्री होती. केतकीला गहू सोसत नाही हे कळल्यापासून चार वर्षं आमच्याकडे पोळी झालेली नाही. गिरणीतल्या गव्हाचा कण नको म्हणून ज्वारीसुद्धा मी घरीच दळते. तरी पोरगी खंगतच चालली. माझ्या शेजारीच बसली होती; सतरा वर्षांची आहे, पण दिसते अकराची.

बाईंनी मसाले बाजूला सारले आणि हिंगाची डबी चष्म्याजवळ नेली.

"यात गव्हाचं पीठ आहे. बारीक अक्षरात लिहिलंय बघा. रोज वापरता?"

"फोडणीत चिमूटभर," मी म्हणाले. "आणि तिचं पोट दुखलं की ताकातून देते."

"किती वेळा दुखतं?"

"रोजच."

बाईंनी रिपोर्ट चाळले. आतडं कदाचित सावरेल, म्हणाल्या. पण हाडं पार ठिसूळ झालीत आणि उंची आता वाढायची नाही.

आम्ही रिक्षाने घरी आलो. घराच्या पायऱ्या चढताना केतकी नेहमीसारखी पोट दाबून मध्येच बसली.

"आई, दुखतंय गं," ती म्हणाली. मी पुढे झाले, तशी घाईघाईने म्हणाली, "पण तू काही देऊ नकोस."