चेंडूवरचं नाव

कपाटातला चेंडू काढून काझिमिरनं बाहीला पुसला आणि माझ्यापुढे धरला. जिंकलेल्या सामन्याच्या फुटबॉलवर साल आणि सामना जिंकून देणाऱ्याचं नाव रंगवून ठेवायचं, ही आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या कॉलेजची रीत. यावर होतं, १९०८, हॉवर्ड पेल. त्या एका विजयावर माझी प्रशिक्षकाची बावीस वर्षं निघाली. आज निरोपाच्या समारंभात कॉलेज मला तोच चेंडू भेट देत होतं.

खरं तर त्या दिवशी हॉवर्ड पाय मुरगळून खोलीत पडला होता. त्याचा संघाचा स्वेटर घालून, त्याच्या नावावर खेळला तो हा काझिमिर, दगडाच्या खाणीतला मजूर. संघात फक्त विद्यार्थीच चालत, म्हणून मीच त्याला लपवून आणला होता. नंतर त्याला मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या कामाला लावलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. त्यानं ठेवलं.

आज मात्र तो हळूच म्हणाला, "कोच, आता तुम्ही निघालातच. जाण्याआधी एकदा घरी येऊन माझ्या मुलीला खरं काय ते सांगाल? तिला वाटतं, बाप थापा मारतो."

शेजारी उभे असलेले कॉलेजचे अध्यक्ष वळले. "कशाबद्दल म्हणतोय हा?"

सभागृहात टाळ्या चालूच होत्या. चेंडूवरची नजर न उचलता मी म्हणालो, "काही नाही हो. हा मनानंच काहीबाही रचत असतो."

काझिमिरकडे बघायचं माझं धाडस झालं नाही.

"खरंय, साहेब," तो अध्यक्षांना म्हणाला, "माझी मुलगीही हेच म्हणते."