बोटाचं माप

मोंगलाईतला उन्हाळा सरत आला होता. जिंतूरच्या डोंगरातला तलाव आटून त्यात बोटभर मासोळ्याच उरल्या होत्या. त्या धरायला बारीक घरांचं जाळं लागायचं. व्यंकटी भोयानं ते मागच्या वर्षी लहानग्या लेकीच्या बोटाच्या मापानं विणलं होतं. ती बोट ताठ धरून पुढ्यात बसायची, तो त्याभोवती सूत फिरवून गाठ मारायचा. यंदा वैशाखात ती पटकीनं गेली. आज जाळं खडकाला अडकून फाटलं. “आवं, तेवढं भोक सांधा की,” बायको सारजा म्हणाली, “समद्या मासोळ्या निसटायल्यात.” त्यानं सूत घेऊन आपल्याच बोटावर गाठ मारली. घर मोठं झालं. सोडून पुन्हा मारली, पुन्हा मोठंच. “कोनाच्या बोटावर सांधू, सारजे?” जाळ्यातल्या एका धड घरात तिनं करंगळी घातली. पेरापाशीच ती अडकली. सारजानं ती काढली नाही.