मानाची खरपुडी

करपल्याचा वास आला आणि शरयूकाकूंनी घाईघाईने गॅस बंद केला. इराणला येऊन पंधरा जणांसाठी हौसेने टाकलेला मसालेभात बुडाला लागला होता. कुणी सांगितला होता हा उपद्व्याप!

"वरचा वरचा वाढते, पातेलं इकडेच राहू दे," त्या महनाजला म्हणाल्या. पुण्यात शिकताना ती त्यांच्याकडेच राहायची. पण तिच्या आईने पातेलं उचललं आणि सगळ्यांसमोर भल्यामोठ्या ताटात पालथं घातलं. काकूंनी डोळेच मिटले.

टाळ्यांचा कडकडाट झाला! भाताच्या डोक्यावर सोनेरी, खरपूस, अखंड खरपुडी बसली होती.

"काकू, आमच्याकडे सुगरण हिच्यावरूनच ठरते! अशी अख्खी निघायला आईलासुद्धा दहा वर्षं लागली." महनाजने पहिला तुकडा त्यांना वाढला. "हा पाहुण्यांचा मान."

चाळीस वर्षं काकूंनी खरपुडी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, ओट्याशी उभ्यानेच खाल्ली होती. आज त्यांनी गालिच्यावर ऐसपैस मांडी ठोकली, सगळ्यांच्या आधी कुर्रकन घास मोडला आणि ताट पुढे केलं.

"अजून वाढ."