चोरांसाठी दिवा

दरवर्षी वीज वाचवायला अख्खी गल्ली एका संध्याकाळी तासभर दिवे मालवायची. फक्त शिंपीकाकांच्या गॅलरीतला दिवा हट्टानं जळत राहायचा. “चोरांसाठी ठेवलाय,” काका गुरकावायचे. पण तो भांडून घर सोडून गेलेल्या लेकीसाठी आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. यंदा काकू म्हणाल्या, “यायचं असतं तर आली नसती का? तोही मालवा आता.” काकांनी बटण दाबलं. खालून टाळ्या उठल्या. अर्ध्या तासानं फोन वाजला. “बाबा, बरे आहात ना?” लेक धापा टाकत होती. “कामावरून येताना पुलावरून रोज बघते मी. आपला दिवा कधीच विझत नाही. आज दिसेना, जीव घाबरला. जिना चढतेय.” काका बटणाकडे धावले. काकूंनी हात धरला. “राहू द्या अंधार. दार उघडा, तुमचा चोर आलाय.”