भेटीची वेळ

सहा जण येऊन गेले आणि सहाही जण चुकले. काम एवढंच होतं : हॉस्पिटलच्या वेबसाइटवर अतिदक्षता विभागातल्या पेशंटला भेटायची वेळ शोधून दाखवायची. त्यांतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने तर हात टेकले. "बाई गं, यापेक्षा आमच्या सूनबाईंचा माळा बरा. हवं ते सापडत नाही, पण निदान दुसरं काहीतरी हाताला लागतं."

वेबसाइटची मांडणी ही चाचणी घेणाऱ्या तरुणीचीच, दोन वर्षांपूर्वीची. स्वयंपाकघरात डबे लावावेत तशी तिने प्रत्येक गोष्ट ज्याच्या त्याच्या जागी ठेवली होती. भेटीची वेळ हा नियम, म्हणून ती 'नियम व धोरणे'मध्ये. आणि नियम हॉस्पिटलचे, म्हणून ते 'आमच्याविषयी'च्या पोटात. सातवाही चुकला तर हे सगळं मोडून काम दुसऱ्या कुणाला द्यायचं, असं साहेबांनी सकाळीच ऐकवलं होतं.

सातवा शिंपी होता. गळ्यातली टेप काढायची विसरून तसाच आला होता.

"काका, परीक्षा तुमची नाही, वेबसाइटची आहे," ती म्हणाली. "फक्त, अडलात तरी मी काही सांगणार नाही हं. तसा नियमच आहे आमचा."

"नका सांगू."

त्याने माउस खडूसारखा चिमटीत धरला. थेट खाली गेला, 'आमच्याविषयी' उघडलं, त्यातलं 'नियम व धोरणे' उघडलं, चार परिच्छेद न वाचताच ओलांडले आणि पडद्यावर बोट टेकवलं. संध्याकाळी चार ते पाच.

मागे नोंदी घेत बसलेल्या सहकाऱ्याने अंगठा वर केला. तिला तर हसू आवरेना. "कमाल केलीत काका! इतक्या पटकन कसं शोधलंत?"

"शोधलं कुठे? ठाऊक होतं." त्याचं बोट अजून पडद्यावरच होतं. "दीड वर्ष झालं. बायको आत होती. फोन लागत नव्हता, म्हणून यावर शोधत बसलो. तेव्हा पाऊण तास गेला. पोचलो तर दार नुकतंच लावलेलं. उद्या या म्हणाले."

उद्याचं तिने विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, "उद्या गेलो, पण तिला ताब्यात घ्यायची सही करायला."

सहकाऱ्याचं लिहिणं थांबलं. तिच्या हातातल्या कागदावर पुढची सूचना छापलेली होती. तिने तीच वाचली. "आता... आता पुन्हा पहिल्या पानावर या, काका."

शिंप्याने माउस हळूच तिच्याकडे सरकवला.

"मागे कसं यायचं ते नाही येत मला, ताई. त्या दिवशी इथूनच धावत सुटलो होतो."