यादी लागायच्या आधी

मशीन योनेलच्या कानामागून वर चढलं, तेव्हा यादी अजून लागायची होती.

"मामा, थांब ना जरा," योनेल म्हणाला. "नंबर लागू दे तरी."

"लागल्यात जमा आहे." तेओमामाने त्याची मान दाबून पुन्हा खाली केली. "बँडवाले तासाभराचेच ठरलेत. यादी येणार कधी, मी भादरणार कधी आणि तू मिरवणार कधी?"

सिकुआनी गावात हे असंच चालतं. विद्यापीठात नंबर लागला की मुलाचं डोकं भादरायचं, मुलगी असेल तर एखादी बट कापायची, वर पीठ उधळायचं आणि वाजतगाजत गल्लीभर फिरवायचं. फक्त आधी यादी आणि मग मशीन, एवढी अक्कल बाकीच्या घरांत असते. इथे योनेलच्या आईने, विसेंताबाईंनी, सकाळीच सहा कुई, म्हणजे घरी पाळलेले गिनीपिग, सोलून, मसाला चोळून भट्टीत सरकवले होते. मुलगा इंजिनिअर होणार, हे तर बाजारात चीज विकता विकता त्यांनी महिनाभर आधीच गिऱ्हाइकांना सांगून टाकलं होतं. मुलीनेही परीक्षा दिली होती, पण ती आपली भावाला सोबत म्हणून.

अर्धं डोकं झालं आणि बहिणीच्या, लिसबेतच्या, हातातला फोन वाजला.

"लागली यादी," ती म्हणाली आणि वाचू लागली. "इंजिनिअरिंग... चोके कंदिया..."

यादीत आडनावं आधी असतात. बापाचं, मग आईचं. तेवढंच विसेंताबाईंना पुरलं. त्यांनी पिठाची परात योनेलच्या डोक्यावर उपडी केली आणि धावत जाऊन कुंपणाच्या भिंतीवरून आरोळी ठोकली, "लागला! माझ्या पोराचा नंबर लागला!" कोपऱ्यावर ताटकळलेल्या बँडवाल्यांनी लगेच ढोल बडवायला घेतला.

"आई, मी नाव वाचलंच नाहीये अजून."

"मग वाच की!"

"चोके कंदिया, लिसबेत."

मामाचा हात थांबला. मशीन नुसतंच घुरघुरत राहिलं.

"खाली बघ," आई म्हणाली. "खाली असेल त्याचं."

खाली कुणा कोंदोरींचं नाव होतं. योनेलने फोन घेतला, स्वतः वरखाली पाहिलं आणि परत दिला. त्याच्या पापण्यांवर पीठ साचलं होतं.

ढोल गल्लीच्या तोंडाशी आला. विसेंताबाईंनी दोन्ही मुलांकडे पाहिलं नाही, आधी फाटकाकडे पाहिलं.

"तेओ, पुरं कर."

"ताई, पण नंबर तर..."

"अर्ध्या डोक्याने बसवतोस का त्याला? पुरं कर म्हणते ना." मग त्या मुलीकडे वळल्या आणि आवाज खाली आणला. "तू आज तोंड उघडायचं नाहीस. लोक डोकं बघतात, यादी कोण बघत बसतंय? मार्चमध्ये तो पुन्हा परीक्षेला बसेल. तूही बस त्याच्याबरोबर. एकटी पोर तू, शिकायला तिकडे कुस्कोत राहशील कुठे?"

"आणि माझी जागा?"

"आठवडाभरात कुणी नाव नोंदवलं नाही, की देतात दुसऱ्याला. वाया नाही जात."

लिसबेतला वाटलं, आता तरी योनेल काही बोलेल. बाजारात चीजच्या टोपल्यांमागे बसून दोघं एकाच वहीतून शिकले होते. गणितं तर अर्ध्याहून जास्त तिनेच त्याला समजावली होती. त्याने आपणहून मान मशीनखाली वाकवली. मामाने घाईघाईने उरलेलं डोकं भादरलं, मशीन स्टुलावर ठेवलं आणि तो चिचाची, मक्याच्या दारूची, घागर आणायला आत पळाला. आईने लिसबेतच्या हातात झाडू दिला, "हे केस भर पटकन, लोक आलेच." ती झाडायला वाकली, तेव्हा योनेलने पाय उचलून धरले, खालचे केस नीट निघावेत म्हणून.

त्या उचललेल्या पायांचा तिला जेवढा राग आला, तेवढा आईचाही आला नव्हता.

तिने झाडू टाकला. मशीन उचललं, खटका दाबला आणि कपाळापासून थेट मानेपर्यंत नेलं. दोनदा ते केसांत अडकलं, तिने तसंच ओढलं. दोन वेण्या दोन बाजूंना लोंबत राहिल्या आणि मधून चार बोटं रुंद टक्कल निघालं.

"लिसबेत!" आई किंचाळली. पण फाटक उघडलं होतं.

ढोलवाल्यांच्या पुढे शेजारच्या हुस्ताकाकू होत्या, दोन्ही मुठींत पीठ घेऊन. त्या सरळ योनेलकडे गेल्या. पीठ उधळून त्याच्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला, "आमचा इंजिनिअर गं बाई!" मग त्यांची नजर लिसबेतवर गेली. ढोल आपोआप थांबला.

"अगं, हे काय करून घेतलंस? नंबर लागला तरी कुणाचा?"

"माझा." लिसबेतने फोन त्यांच्यापुढे धरला.

काकूंनी आडनावं वाचली, मग डोळे बारीक करून नाव वाचलं. "मग ह्याचं डोकं कशाला भादरलंय?"

योनेलने मान वर करून बहिणीकडे पाहिलं. मामाने घाई केली, असं तिने म्हटलं असतं, बहिणीच्या आनंदात त्याने हौसेने करून घेतलं म्हटलं असतं, काहीही चाललं असतं.

"त्याला उवा झाल्यात," लिसबेत म्हणाली.

काकूंनी त्याच्या डोक्यावरचा हात झटकन काढून घेतला आणि परकराला पुसला.